तळीत पोहणारी मुलगी आणि सकाळची गोळी

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

मी म्हापशाला राहते, वय ५२. सहा वर्षांपासून डायबेटीस आहे. सकाळी उठल्यावर ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि रात्री एक मेटफॉर्मिन घेते. तरी उपाशीपोटी शुगर १६०-१७० च्या खाली येत नाही. गुडघे दुखतात म्हणून चालणं सुटलं. पण खरं दुखणं मनाचं आहे. कशात जीव रमत नाही. मुलावर, नवऱ्यावर उगाच ओरडते आणि मग न्हाणीत जाऊन रडते. यंदा चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायलासुद्धा उठले नाही, जावेने बांधली. लहानपणी फोंडा तालुक्यात माहेरी आम्ही मुली देवळाच्या तळीत तासन्‌तास पोहायचो. पोहण्याने शुगरही उतरते आणि मनही हलकं होतं असं ऐकलं, म्हणून गेल्या महिन्यात पेडे क्रीडा संकुलातल्या तलावावर सकाळच्या वेळेला जायला लागले. पहिला दिवस फार छान गेला. दुसऱ्या दिवशी पाण्यातच हातपाय गळाले, थंडी वाजली, बाहेर आले तर काळीज धडधडत होतं. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून घरी येताना काही कारण नसताना हुंदके देऊन रडले. घरी येऊन एका दमात चार बन्स खाल्ले. नवरा म्हणाला, "ह्या वयात कशाला ही थेरं? तुला पाणी सोसत नाही." तेव्हापासून गेले नाही. मुलगा म्हणतो, तलावाचे पैसे कशाला, समुद्र आहे की. मला खरंच पाणी सोसत नाही का? पोहून माझं मन बरं होईल का? आणि शुगर किती दिवसांत उतरेल?

एक वाचक, म्हापसा

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना "सकाळी उठल्यावर गोळी" या तीन शब्दांशी थांबले. तलावावर जाण्याआधी काय खाल्लंत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरी आल्यावर चार बन्स एका दमात खाल्लेत यावरून अंदाज येतो. उठल्याबरोबर गोळी, वर बिनसाखरेचा चहा, मग तलाव, आणि नाश्ता घरी परतल्यावर. असंच झालं असेल, तर त्या दिवशी तुम्हाला पाणी सोसलं नाही असं मी म्हणणार नाही. तुमची शुगर लो झाली होती.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून तर ती नाश्त्याबरोबर घ्यायची गोळी आहे. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा लो होत नाही, पण तुमच्या गोळीत दोन्ही आहेत. त्यातच पोहताना दंड, खांदे, पोट, मांड्या सगळे एकदम कामाला लागतात, आणि कामाला लागलेला स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायामानंतर साखर ओढण्याची ही ताकद एक ते तीन दिवस वाढलेली राहते. पहिला दिवस छान का गेला आणि दुसरा का नाही, याचं उत्तर मला यातच दिसतं. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलात तेव्हा स्नायू आदल्या दिवसाचेच भुकेले होते, आणि पहिल्या दिवसाच्या आनंदात तुम्ही चार फेऱ्या जास्तही मारल्या असतील.

तुम्ही म्हणाल, जिची उपाशी शुगर १७० असते तिची लो कशी होणार? होऊ शकते. शिवाय शरीराला चढ्या आकड्याची सवय झाली की साखर भराभर ९०-१०० वर आली तरी ते घाबरतं आणि तीच सगळी लक्षणं दाखवतं. धोक्याचा आकडा ७० च्या खालचा, पण धडधड आणि थरथर त्याच्या बरीच आधी सुरू होऊ शकते.

हा माझा अंदाज आहे, कारण त्या वेळचा शुगर मोजायच्या मीटरचा आकडा आपल्याकडे नाही. म्हणून तलावावर परत जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना हा प्रसंग जसाच्या तसा सांगा आणि ईसीजी काढून घ्या. डायबेटीस असलेल्या बाईचं हृदय दुखतं तेव्हा छातीत कळ येईलच असं नाही. नुसतं गळून जाणं, दम लागणं, धडधडणं एवढंच होऊ शकतं. ही शंका मनातून काढून टाकायची आणि मगच पाण्यात उतरायचं. एवढ्यापुरतं माझं ऐकाच.

आता त्या रडण्याबद्दल. माझ्या आईला पंधरा वर्षं डायबेटीस होता. दर एकादशीला दुपारी साडेबाराच्या सुमारास ती घरात कोणावर तरी भडकायची, भांडी आपटायची आणि मग पदराने डोळे पुसत बसायची. आम्ही म्हणायचो, उपासाने आईचं डोकं फिरतं. मी तेव्हा डॉक्टर झालेले होते. तरी माझ्या ध्यानात आलं नाही की ती उपास धरत होती आणि गोळी मात्र नेमाने घेत होती. तिची शुगर लो होत होती आणि आम्ही तिच्या स्वभावाला नावं ठेवत होतो. ही गोष्ट मला आजही सलते. म्हणून तुमच्या ओरडण्या-रडण्याची वेळ काय असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

साखर घसरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. त्यातून धडधड, घाम, थरथर आणि कारण नसलेली भीती येते. मेंदूला साखर कमी पडली की माणूस चिडतो, गोंधळतो, रडतो. ते रडू मनातलं दुःख नसतं, ती रक्तातल्या साखरेची हाक असते. आणि पाण्यात ही हाक ऐकूच येत नाही. घाम पाण्यात मिसळून जातो. थरथर म्हणजे थंडी वाटते, धडधड म्हणजे पोहण्याचा दम, गळून जाणं म्हणजे वय. जमिनीवर चालताना जी लक्षणं माणसाला वेळेवर थांबवतात ती पाण्यात दुसरंच नाव घेऊन येतात, आणि पाण्यात भोवळ येणं म्हणजे काय ते तळीत वाढलेल्या मुलीला मी सांगायला नको. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधडही जाणवत नाही, तेही डॉक्टरांना विचारा.

तेव्हा काठावर काय करायचं ते सांगते. गोळीची वेळ आणि पोहण्याची वेळ एकमेकींशी जुळवून घ्या, आणि ती स्वतःच्या मनाने बदलू नका. नाश्त्याबरोबर गोळी घेऊन तास-दीड तासाने पोहायचं, की आधी पोहून मग नाश्ता आणि गोळी, की ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. तुम्ही फक्त एका कागदावर उठण्याची, गोळीची, चहाची, पोहण्याची आणि नाश्त्याची वेळ लिहून न्या. तो कागद पाहून कुठल्याही डॉक्टरला दोन मिनिटांत कळेल.

पाण्यात उतरण्याआधी मीटर लावा. आकडा ९० च्या खाली असेल तर एक केळं किंवा तीन-चार साधी बिस्किटं खा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा बघा. २५० च्या वर असेल आणि सोबत तहान, मळमळ, अंगात कसकस असेल तर त्या दिवशी घरी जा. पहिले काही दिवस मध्येच एकदा, वीस मिनिटांनी, काठावर येऊन बोट टोचा. बोट पाण्याने सुरकुतलेलं असेल तर नीट पुसून घ्या, नाहीतर आकडा चुकतो. आणि टॉवेलात ग्लुकोजची पुडी किंवा तीन चमचे साखर बांधून ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली, किंवा मीटर हाताशी नाही आणि थरथर सुरू झाली, तर ती साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. लाडू, चॉकलेट यांचा त्या वेळी उपयोग नाही. त्यातलं तूप-चरबी साखरेला रक्तात पोचायला उशीर लावते. आकडा वर आल्यावर मग पोळी-भाजी, भाकरी, जे काय असेल ते खा. आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत स्कूटरवर मागेसुद्धा बसू नका.

पोहण्याचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. पहाटे घामाघूम होऊन जाग आली, विचित्र स्वप्नं पडली, सकाळी डोकं दुखलं, तर तेही त्या कागदावर लिहा.

बन्सबद्दल तुम्ही मनाला लावून घेतलंय असं पत्रातून वाटलं. नका घेऊ. शुगर लो झालेलं शरीर गोड मागतं, तो हावरटपणा नाही. काठावर वेळेत तीन चमचे साखर घेतली असती तर चार बन्स लागले नसते, एवढाच त्याचा धडा.

आता मनाकडे येते. तुमच्या रागात मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिली म्हणजे लो शुगर. आठ-दहा दिवस एक वही ठेवा. मुलावर ओरडलात की ओरडण्याची वेळ, शेवटचं कधी खाल्लं आणि त्या क्षणाचा मीटरचा आकडा लिहा. दर वेळी जेवणाआधीच राग येत असेल आणि आकडा खाली असेल, तर निम्मं दुखणं गोळीच्या वेळेनेच बरं होईल.

दुसरी गोष्ट रक्तात दिसत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली डायबेटीस असलेल्यांसाठी २० प्रश्नांची यादी तयार केली. सतत खाण्याचा विचार डोक्यात असतो का, पुढे काय होईल याची भीती वाटते का, पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, या आजारात आपण एकट्या आहोत असं वाटतं का, रोजच्या या धडपडीने थकून गेलात का, अशा प्रकारचे ते प्रश्न. मी याला डायबेटीसचा मनस्ताप म्हणते. सहा वर्षं रोज सकाळी बोट टोचायचं आणि रोज नापासाचा आकडा बघायचा, म्हणजे कोणाचंही मन मोडेल. चवथीला सगळ्यांसमोर नेवरी, म्हणजे करंजी, उचलताना दहा डोळे तुमच्या हाताकडे बघतात, ते मला माहीत आहे. आपल्या गोव्यात तरी या लाजेला कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशभरात ११.४ टक्के प्रौढांना डायबेटीस, आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुमच्या आजूबाजूला भाजी निवडणाऱ्या दर चार मोठ्या माणसांत एक तुमच्यासारखाच आहे. फक्त कोणी बोलत नाही.

तिसरी गोष्ट नैराश्य, आणि ती मी हलक्याने घेणार नाही. डायबेटीस असलेल्यांमध्ये ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, कशातच जीव रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. माटोळीला न उठणं मला आळस वाटत नाही. गोव्यातली बाई माटोळीला उठत नाही तेव्हा तिला कोणीतरी शेजारी बसून विचारायला हवं, काय होतंय तुला? म्हणून मी विचारते, आणि तुम्ही स्वतःला खरं उत्तर द्या: झोपले ती उठूच नये, मी नसले तर बरं, असं कधी मनात येतं का? येत असेल तर पोहणं, वही, सगळं बाजूला ठेवा आणि आजच घरात एका माणसाला सांगा. टेली-मानस म्हणून सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू असते. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, तिथे ओपीडीत सरळ जाता येतं. तिथल्या फाटकाबद्दल लोक काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या बोलण्यापायी किती जण वेळेवर गेले नाहीत, तेही पाहिलं आहे. तुम्ही जा.

डॉक्टरांकडे जालच, तर बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यातून थकवा, उदासी, पायाला मुंग्या येतात. तुमच्या वयात पाळी जाण्याचाही काळ असतो. मनाची म्हणून वाटणारी अर्धी गोष्ट कधी एका साध्या रक्ततपासणीत सापडते.

आता तुमचा खरा प्रश्न: पोहून मन बरं होईल का? माझं उत्तर, मदत नक्की होईल, आणि ते मी आपल्याच मातीतल्या एका कामाच्या आधारावर म्हणते. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेने नैराश्याच्या उपचाराची एक पद्धत तपासून पाहिली. २०१७ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती, आणि सहा ते आठ भेटींत काम व्हायचं. त्यातला गाभा असा की, उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. गोष्टी सुटल्या की आनंदाच्या जागा कमी होतात, आनंद कमी झाला की आणखी गोष्टी सुटतात. हे चाक मनाच्या बाजूने फिरवायला गेलं की जड जातं, हातापायांच्या बाजूने फिरवलं की हलतं. मन लागण्याची वाट न बघता, पूर्वी आवडणारी एखादी छोटी गोष्ट ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला करायची. तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, आणि ज्यांना हा उपचार मिळाला नव्हता त्यांच्यातले ३९ टक्के.

तुमची ती गोष्ट कोणती, हे मला शोधावं लागलं नाही. तुम्हीच लिहिलीत. चालायला जाताना तुम्ही डायबेटीसची रोगी म्हणून निघता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, शिक्षा भोगल्यासारखं. तळीतल्या त्या मुलीला डायबेटीस नव्हता. पहिला दिवस छान गेला असं तुम्ही लिहिलंत, आणि सगळ्या पत्रात "छान" हा शब्द तेवढा एकदाच आला आहे. मीटर, गोळी, केळं, साखर, हा सगळा डायबेटीस काठावर नीट आवरून ठेवायचा तो एवढ्याचसाठी, की पाण्यातली वीस-तीस मिनिटं तरी तुम्हाला त्याची आठवण होऊ नये.

पाण्याचे आणखीही गुण आहेत. छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारं वजन निम्म्याहून खूप कमी होतं, म्हणून गुडघे तक्रार करत नाहीत. हात मारताना श्वास ठरावीक तालात सोडावा लागतो, आणि लांब सोडलेला श्वास जीव शांत करतो. फोन सोबत नसतो. रात्री झोप लागते, आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशी शुगर आणि राग दोन्ही थोडे ताब्यात असतात.

पण एक विनवणी आहे. पोहण्याला मीटरच्या आकड्याने मार्क देऊ नका. शुगर किती दिवसांत उतरेल असं तुम्ही विचारलंत. त्या दिवसापुरती ती लगेच उतरते. कायमचा फरक एचबीए१सी या तीन महिन्यांच्या सरासरीत दिसतो, आणि नियमित व्यायामाने ती साधारण अर्ध्या ते पाऊण अंकाने खाली येते. चांगला फरक आहे, पण गोळ्या सुटतील एवढा नाही. सकाळच्या आकड्याकडे बघत पोहलात तर तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडाल. त्यापेक्षा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, गेलात त्या दिवसाच्या चौकोनात, दुपारी मन कसं होतं ते एका शब्दात लिहा. बरं, जड, शांत, काहीही. सहा आठवड्यांनी ते चौकोन वाचा.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, दहा-पंधरा मिनिटांनी करा, दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नका. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं, त्याला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. काठ धरल्यावर एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर जरा थांबा. नाडी मोजत बसू नका, पाण्यात ती तशीही कमी लागते.

डोळ्यांचा पडदा गेल्या वर्षभरात तपासला नसेल तर तपासून घ्या. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील तर सूर मारणं, श्वास कोंडून बुडी मारणं बंद. तळीतली जुनी सवय उफाळून येईल, म्हणून मुद्दाम सांगते. पायांची काळजी मात्र रोजची. चपला पाण्याच्या अगदी काठापर्यंत घालून जा आणि बाहेर येताच घाला. संवेदना कमी झालेल्या तळव्याला खरबरीत फरशी, तापलेला दगड कळत नाही. घरी येऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे आरशात बघा. टाचेला खोबरेल लावा, बेचक्यांत नको. पायावर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत पाणी बंद. ओले कपडे लगेच बदला, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी कधी सुरू झाली तर हे विसरूच नका, नाहीतर लघवीच्या जागी बुरशी येते.

मुलाला सांगा, समुद्र तलावाच्या जागी चालणार नाही. जून ते सप्टेंबर तर तो विषयच नको. इतर महिन्यांतही वाळूत शिंपले, काचा असतात, ओढ असते, आणि शुगर लो झाली तर धरायला काठ नाही. कोमट खाऱ्या पाण्यातले व्हिब्रियो जातीचे जंतू जखमेतून शिरले तर डायबेटीस असलेल्या माणसाला फार महागात पडतं. २००८ पासून दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक आपल्या किनाऱ्यांवर आहेत. कधी घरच्यांसोबत गेलात तर त्यांच्या लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच, कमरेएवढ्या पाण्यात. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी-चिरेखाणींकडे फिरकू नका.

नवऱ्याशी भांडू नका. ते घाबरले आहेत, त्यांनी तुम्हाला रडत घरी येताना बघितलं. त्यांना या पत्रातला शुगरचा भाग वाचून दाखवा आणि एक दिवस मीटर हातात देऊन काठावर बसवा. "ह्या वयात" असं पुन्हा म्हणाले तर अमेरिकेच्या गॅरी हॉल धाकट्याबद्दल सांगा. १९९९ मध्ये त्याला इन्सुलिनवर जगावं लागणारा टाइप-१ डायबेटीस निघाला, आणि २००० साली सिडनीत व २००४ साली अथेन्समध्ये ५० मीटर पोहण्यात त्याने ऑलिम्पिकचं सोनं मिळवलं. तुम्हाला सोनं आणायचं नाही. पण डायबेटीस आणि पाणी यांचं वैर नाही, हे त्यांना पटेल. कपड्यांची लाज वाटत असेल तर कोपरापर्यंत बाह्यांचे, गुडघ्याखालपर्यंतचे पोहण्याचे पोशाख मिळतात. बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, ते तलावावर विचारा.

आणि तिथे शिकवणाऱ्याला आणि जीवरक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा, मला डायबेटीस आहे, मी मध्येच थांबले, गोंधळल्यासारखी दिसले तर मला बाहेर घ्या आणि टॉवेलातली साखर द्या. हे सांगताना जीभ अडखळेल. तरी सांगा, नाहीतर मदत करायला उभ्या असलेल्या माणसाला काय करायचं तेच कळणार नाही.

परत जाल त्या पहिल्या दिवशी फेऱ्या मारू नका. छातीभर पाण्यात दहा मिनिटं चाला, मग पाठीवर पडून तरंगा. ईसीजी आणि बी-१२ काय निघालं, रागाच्या वेळचे आकडे काय होते, ते मला लिहून कळवा. तळीतल्या त्या मैत्रिणींपैकी कोणी म्हापसा-पणजीच्या बाजूला दिलेली आहे का, तेही बघा. दोघी असाल तर एकीला आळीपाळीने काठावर साखर धरून बसता येईल.